काणीचं बेट उपटावंच लागतं



आपल्या भागातली बरीच पोरं कुंभार्ली घाट उतरून खेड तालुक्यातील लोटे येथील रासायनिक कारखान्यांत नोकरीला आहेत. मध्यंतरी आमचे तिकडे जाणे झाले, तेव्हा अशाच एका सभासदाच्या चिरंजीवांची गाठ पडली. बिचाऱ्याला आठ दिवस धड झोप नव्हती. त्यांच्या वजनकाट्यावरच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागला होता. अँटीव्हायरस चालवला की 'साफ झाले' म्हणून निरोप यायचा, आणि सकाळी बटण दाबले की रोग पुन्हा हजर! दुसरा अँटीव्हायरस आणला, तिसरा आणला. गुण नाही.

असं का होतं? काही व्हायरस कॉम्प्युटर सुरू होतानाच आत ठाण मांडतात. अँटीव्हायरस जागा होतो तो त्यांच्यानंतर. मग तपासणाऱ्याला काय दिसणार? चोर दाखवील तेवढंच. म्हणून बाहेरच्या स्वच्छ डिस्कवरून यंत्र सुरू करून तपासावे लागते. तेवढ्यानेही भागले नाही, तेव्हा त्या पोराने नेटची वायर काढली, कामाच्या फाइली तेवढ्या बाजूला घेतल्या, डिस्क पार पुसली आणि सगळे नव्याने भरले. फाइली दुसऱ्या यंत्रावर तपासूनच परत घेतल्या, पासवर्ड बदलले. रोग परत का येत होता, तेही कळले. एकच पेन ड्राइव्ह सगळ्या टेबलांवर फिरत होता!

आपल्याला यात नवल ते काय? काणीचा चाबूक दिसला की पिशवी घालून अख्खे बेट मुळासकट काढायचे आणि जाळायचे. त्या फडाचा खोडवा ठेवायचा नाही, नवी लागण निरोगी बेण्याची करायची. उसाचे काही रोग कोयत्यानेही पसरतात. तो पेन ड्राइव्ह म्हणजे तसलाच कोयता.

पण बेट उपटायची छाती कुणाला होते? ज्याच्याजवळ बेणेमळा आहे त्याला. कॉम्प्युटरचा बेणेमळा म्हणजे वेगळी जपून ठेवलेली हिशेबाची प्रत.

२७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' नावाचा व्हायरस जगभर पसरला. खंडणी भरूनही फाइली परत मिळण्यातल्या नव्हत्या. मर्स्क ही मोठी जहाज कंपनी त्यात सापडली आणि आपल्या न्हावाशेवा बंदरातले तिच्या गटाचे टर्मिनल ठप्प झाले. कंपनीने सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर दहा दिवसांत नव्याने उभे केले. तेही कशाच्या जोरावर? सगळे जाळे ज्यावर चालते त्या मुख्य नोंदींची शाबूत प्रत एकट्या घाना देशात मिळाली, कारण तिथे नेमकी वीज गेली होती! लोडशेडिंगने कुणाचे भले केल्याचे आम्ही हे पहिल्यांदाच ऐकले.

आपण मात्र वीज जाण्यावर भरवसा ठेवू नये. ऊस नोंद, काट्याच्या पावत्या, शेअर्सचे रजिस्टर, तोडणी-वाहतुकीची उचल, सारे आता कॉम्प्युटरात आहे. कायद्याने उसाचे पैसे १४ दिवसांत द्यायचे असतात. वजनाच्या नोंदीच गेल्या तर बिल कशावर काढणार? ऑफिसात विचारले की उत्तर येते, "अँटीव्हायरस घेतलाय की!" तो हवाच, पण तेवढ्यावर निर्धास्त राहणे आम्हांस मान्य नाही.

आमचे म्हणणे साधे आहे. रोजच्या नोंदींची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी, घेतली की डिस्क काढून ठेवावी, आणि एक प्रत कारखान्याच्या आवाराबाहेर असावी. काट्यावर बाहेरचा पेन ड्राइव्ह लावू देऊ नये, मग तो साहेबांचा असो की संचालकांचा. आणि अग्निप्रदीपनाआधी एकदा त्या प्रतीवरून सगळा हिशेब कोऱ्या कॉम्प्युटरवर उभा करून पाहावा. बॉयलर तपासल्याशिवाय आपण पेटवत नाही, मग हेच का सोडायचे? संचालक मंडळाने एवढे मनावर घ्यावे, आणि सभासदांनीही वार्षिक सभेत नुसते भावाचे न विचारता याचाही जाब विचारावा.