पिशव्या सांभाळणाऱ्या आजी

मे महिन्यात दवाखान्यात हमखास येणारा प्रश्न : "डॉक्टर, आम्ही वीस जण इमॅजिकाला चाललोय. आईला नेलं तर चालेल ना?" २०१३ साली खोपोलीजवळ हे पार्क सुरू झालं. पनवेलहून ते जवळ, त्यामुळे मामा, काका, आत्या असा सगळा गोतावळा एकाच दिवशी निघतो.

माझं उत्तर बहुतेक वेळा "चालेल" असंच असतं. लोकांना भीती वाटते ती राइड्सची. हृदयविकार, गरोदरपण, मानेचं किंवा पाठीचं दुखणं असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर रोलर कोस्टरवर बसू नये, हे खरंच. पण आजी त्यावर बसतच नाहीत. त्या खाली बाकावर सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत बसतात, आणि मला काळजी वाटते ती या बाकाची.

मधुमेहाचं उदाहरण घ्या. सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन घेतलेलं असतं. जेवण एक वाजता ठरलेलं, पण मुलं रांगेत अडकली म्हणून ते अडीचवर जातं. "सगळे आले की बसू" हा आपला संस्कार गोड आहे, पण गोळीला तो कळत नाही. साखर ७० च्या खाली गेली की घाम, थरथर, धडधड, चिडचिड सुरू होते, आणि घरच्यांना वाटतं, उन्हाने होतंय. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यातून लगेच द्यावी, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी आणि मग जेवायला घालावं. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नये. थेट प्रथमोपचार केंद्र किंवा १०८.

दुसरी गोष्ट पाण्याची. स्वच्छतागृह लांब, गुडघे दुखतात, कुणाला सोबत बोलवायचं म्हणून आजी पाणीच पीत नाहीत. त्यात रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी असेल तर शरीर आणखी कोरडं पडतं. आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून पारा ४० ला पोचायची गरजच नसते. १६ एप्रिल २०२३ ला आपल्याच तालुक्यात, खारघरच्या मैदानावर, उन्हात बसलेल्यांपैकी १४ जण दगावले. बाधित झालेल्या कुणी असंबद्ध बोलू लागलं तर तो उष्माघात समजा; अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि रुग्णालय गाठा.

"तुम्हाला काही होतंय का?" असं विचारलं तर आजी "नाही" म्हणणार. नातवंडांचा दिवस त्यांना मोडायचा नसतो. म्हणून दर तासाला घरातल्या एकाने येऊन पाण्याची बाटली किती रिकामी झाली ते बघावं आणि स्वच्छतागृहापर्यंत सोबत करावी. ही पाळी सुनेच्याच वाट्याला का यावी, जावयालाही जमतं.

माझं ऐकाल तर मे टाळा, डिसेंबरात जा. तेही जमत नसेल तर दोन गाड्या करा. तिकीट पूर्ण दिवसाचं असलं तरी ज्येष्ठांची गाडी, त्यांना वेळेवर जेवायला घालून, दुपारी तीनला पनवेलला परत येऊ द्या.