चक्रवाकांचं बेट

धोबी पक्षी आला की माझी दुर्बीण कपाटातून बाहेर निघते, हे या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे. यंदा दीपनगरच्या आमच्या वसाहतीत तो दसऱ्याआधीच हजर झाला. पण चांगदेवला जायला मला गेला रविवार उजाडला.

तिथला तापी-पूर्णेचा संगम म्हणजे हतनूर धरणाचा फुगवटा. पाणी उतरू लागलं की गाळाचे उंचवटे उघडे पडतात. तसल्या एका बेटावर वीसेक चक्रवाक बसले होते. केशरी अंग, फिकट डोकं. बहुतेकांच्या चोची पाठीच्या पिसांत खुपसलेल्या. तेवढ्यात काठावरच्या चौघांनी होडी ठरवली आणि कॅमेरे घेऊन थेट बेटाकडे निघाले. होडी अर्ध्यात पोचली नाही तोच थवा ओरडत उठला, दोन घिरट्या घातल्या आणि पूर्णेच्या अंगाला दिसेनासा झाला.

"आता काही येत नाही ते आज, भो," जाळं सांधत बसलेले भोईदादा म्हणाले.

मला फार राग आला. तो अजून गेलेला नाही. आणि हे ऐन पक्षी सप्ताहात! मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून, ५ नोव्हेंबरपासून, सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत, १२ तारखेपर्यंत, आपण तो पाळतो.

चक्रवाक लडाख-तिबेटकडचे. तिकडची तळी गोठण्याआधी हिमालय ओलांडून ते खाली येतात. चहूकडे पाणी असलं की कुत्रं-कोल्हं सहज पोचत नाही, म्हणून विसाव्याला बेट. स्कॉटलंडच्या उत्तरेला फेअर आयल नावाचं एकाकी बेट आहे. शरदात वाऱ्याने भरकटलेले पक्षी तिथेही असेच दमून टेकतात; १९४८ साली तिथे पक्षी-निरीक्षण केंद्र निघालं. दमलेल्या पाहुण्याला आपण आधी पाणी विचारतो. मग या पाहुण्यांना उठवायचं कशासाठी? काठावरून चांगलं दिसतं. तासभर बसायची तयारी हवी.

घरी आलो तर धोबी पाण्याच्या टाकीपाशी होता. गळक्या नळाखाली डबकं साचतं, तिथे तो रोज येतो. वजन जेमतेम वीस-पंचवीस ग्रॅम. चार पावलं तुरुतुरु पळायचं, थांबायचं, शेपूट खालीवर, की टिपलाच किडा. एवढ्यात पोरांचा चेंडू गडगडत नेमका डबक्याजवळ आला. मागोमाग धावत आलेला मुलगा धोबी दिसताच जागीच थबकला. पलीकडून ओरडा सुरू झाला, तर त्याने मागे न बघताच हात वर करून त्यांना गप्प केलं. धोब्याचं पोट भरेपर्यंत खेळ थांबलेला होता.