मांजराच्या पिल्लाचा डोळा आणि बालवाडीतील पाटी

सहा वर्षांच्या आत मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ होते, हे २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातील विधान आता बालवाड्यांच्या जाहिरातींतही उतरले असून, त्यावरून तिसऱ्या वर्षीच अक्षरे, अंक आणि इंग्रजी शिकवावे, नाहीतर मेंदूची ‘खिडकी’ कायमची बंद होते, असा निष्कर्ष सर्रास काढला जातो. सातारा जिल्ह्यातील शिरवळसारख्या, शेती सोडून औद्योगिक वसाहतीत पाळ्यांत काम करणाऱ्या पालकांच्या गावात या भीतीला गिऱ्हाईक लवकर मिळते. विधान खोटे नाही. निष्कर्ष मात्र त्यातून निघत नाही.

ही टक्केवारी मुख्यतः मेंदूच्या आकारमानाची आहे, ज्ञानाची नव्हे, आणि ज्वारीचे ताट पुरुषभर वाढले म्हणून कणसात दाणा भरला असे कोणी शेतकरी म्हणत नाही. चेतासंधी, म्हणजे एका चेतापेशीकडून दुसरीकडे संदेश जाण्याच्या जागा, बालपणी गरजेहून अधिक तयार होतात आणि न वापरलेल्या पुढे छाटल्या जातात. नियोजन व संयम सांभाळणाऱ्या कपाळामागील भागात ही छाटणी सहाव्या वर्षी न संपता तारुण्यापर्यंत चालते.

‘खिडकी’च्या समर्थनार्थ ह्यूबेल आणि वीझेल या चेताशास्त्रज्ञांचे १९६०च्या दशकातील प्रयोग पुढे केले जातात. मांजराच्या पिल्लाचा एक डोळा सुरुवातीचे काही आठवडे शिवून ठेवला, तर टाके काढल्यावरही मेंदू त्या डोळ्याची दखल घेत नाही, असे त्यांत आढळले. पण दुसऱ्या, उघड्या डोळ्याला कोणी चित्रांची कार्डे दाखवली नव्हती. त्याला नेहमीचा उजेड मिळाला आणि तेवढ्यावर तो नीट पाहू लागला. मेंदू-संशोधक विल्यम ग्रीनो यांनी १९८७मध्ये याच कारणाने दोन प्रकार वेगळे केले : पाहणे, ऐकणे, माणसाचा सहवास यांसारखे, मेंदू ज्यांची जणू वाटच पाहत असतो असे सार्वत्रिक अनुभव, आणि ज्याच्या-त्याच्या वाट्याला येईल तेव्हा शिकता येणारे विशेष अनुभव. वाचन दुसऱ्या प्रकारात मोडते. शिरवळच्याच खंडाळा तालुक्यातील नायगावच्या सावित्रीबाई फुले लग्नानंतर लिहायला-वाचायला शिकल्या आणि १८४८मध्ये शिक्षिका झाल्या. प्रौढांना साक्षर करणारी ग्रामशिक्षण मोहीमही १९५९मध्ये सातारा जिल्ह्यातच सुरू झाली. चेताशास्त्रज्ञ स्तानिस्लास देआन यांच्या २०१०च्या अभ्यासात तर प्रौढपणी वाचायला शिकलेल्यांच्या मेंदूतही अक्षरे ओळखणारा भाग घडलेला दिसला.

चेतापेशीपासून थेट वर्गापर्यंत पूल बांधता येत नाही, हा अभ्यासक जॉन ब्रुअर यांचा १९९७मधील आक्षेप रास्तच आहे. परंतु त्याचा आधार घेऊन लहान मुलांना खाऊपिऊ घालून सांभाळले की झाले, असे उलट टोक गाठणाऱ्यांच्या जमैकातील प्रयोग आड येतो. १९८६-८७मध्ये तेथे वाढ खुंटलेल्या १२९ बालकांपैकी काहींच्या घरी आरोग्य-कार्यकर्त्या दोन वर्षे आठवड्याला एक तास जाऊन, घरगुती खेळण्यांच्या साहाय्याने मुलांशी कसे खेळावे व बोलावे हे आईला दाखवत असत. वीस वर्षांनी ही मुले इतरांपेक्षा सुमारे २५ टक्के अधिक कमावत होती, आणि केवळ पूरक आहार मिळालेल्यांत असा फरक आढळला नाही.

आपल्याकडेही बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीला सुरू केलेल्या कामात, मुलाच्या अंगणात जाऊन त्याच्याच भाषेत आणि शंख-शिंपले-बियांच्या साधनांनी शिकवण्याची रीत होती. तिला मेंदूच्या चित्रांची गरज पडली नाही. मूल दारावरून जाणाऱ्या ट्रॅक्टरकडे बोट दाखवते, अंगणवाडी सेविका ‘काय भरलंय गं त्यात?’ म्हणून विचारते, मूल ‘ऊस’ म्हणते, आणि ‘कुणाचा?’ या पुढच्या प्रश्नाने संवाद लांबतो; भाषेची वाढ या देवघेवीत होते, आणि कामगारवस्तीतील ज्या मुलाची घरची बोली भोजपुरी किंवा हिंदी आहे त्याला तर ती घरच्या बोलीत आणि मराठीत, अशी दोन्हींत हवी. त्यासाठी वजन-उंचीच्या नोंदी, आहारवाटप आणि ‘पोषण ट्रॅकर’ ॲप यांतून सेविकेचा वेळ मोकळा व्हावा लागेल. परिसरातील कारखान्यांच्या सामाजिक दायित्व (सीएसआर) निधीतून अंगणवाडीला डिजिटल फळा देण्याचा प्रस्ताव कधी आलाच, तर शिरवळच्या ग्रामपंचायतीने त्या पैशात मुलांशी बोलायला आणखी एक बाई नेमता येते का, हे आधी विचारावे.