भिलाईच्या अंगणाला क्लोव्हर मानवेल काय?

घरापुढील गवताची हिरवळ काढून तिच्या जागी क्लोव्हर लावण्याची टूम गेल्या काही वर्षांत अमेरिका आणि युरोपमधून समाजमाध्यमांवर पसरली आहे. क्लोव्हरला खत लागत नाही, कापणी क्वचितच करावी लागते, मधमाश्यांना फुले मिळतात आणि पाणीही कमी पुरते, असे तिचे समर्थक सांगतात. भारतातही पांढऱ्या क्लोव्हरच्या बियांची पाकिटे घरपोच मिळू लागली आहेत. समजा, छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यातील भिलाई-3 येथील एखाद्या गृहस्थाने ऑक्टोबरात असे पाकीट मागवले, तर पुढल्या मे महिन्यात त्याच्या अंगणात काय उरेल? हा प्रश्न वरकरणी बागकामाचा आहे. खोलात गेल्यास तो वेगळ्याच जागी पोहोचतो: एका हवामानात सिद्ध झालेले ज्ञान दुसऱ्या हवामानात नेताना त्यातील काय घ्यावे आणि काय सोडावे?

प्रथम क्लोव्हरची बाजू न्यायाने मांडली पाहिजे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत हिरवळीसाठी विकल्या जाणाऱ्या बियांच्या मिश्रणात पांढरे क्लोव्हर सर्रास असे. दुसऱ्या महायुद्धानंतर 2,4-डी हे तणनाशक बाजारात आले. ते रुंद पानांच्या वनस्पती मारते आणि गवत वाचवते. डँडेलियनबरोबर क्लोव्हरही मरू लागले आणि तेव्हापासून त्याची गणना तणांत होऊ लागली. वनस्पती तीच राहिली. रसायनाच्या मर्यादेने तिची व्याख्या बदलली. पुढे या एकसुरी गवताचा विस्तार किती झाला, हे क्रिस्टिना मिलेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून दिसले. उपग्रहीय माहितीच्या आधारे त्यांनी अमेरिकेतील हिरवळीचे क्षेत्र सुमारे 1,64,000 चौरस किलोमीटर असल्याचा अंदाज वर्तवला. त्या देशात सिंचनाखाली असलेल्या कोणत्याही एका पिकापेक्षा हे क्षेत्र मोठे ठरते. अशा देशात क्लोव्हरकडे परतणे हे शहाणपणाचे पाऊल आहे, यात शंका नाही.

क्लोव्हरचे खरे सामर्थ्य त्याच्या मुळांवरील गाठींत आहे. हवेत 78 टक्के नायट्रोजन असला, तरी त्याच्या रेणूतील दोन अणूंमधला तिहेरी बंध तोडण्यास प्रतिमोल सुमारे 945 किलोज्यूल ऊर्जा लागते. युरियासाठी लागणारा अमोनिया कारखान्यात तयार करताना 400 ते 500 अंश सेल्सिअस तापमान आणि वातावरणाच्या शेकडो पट दाब वापरावा लागतो. रायझोबियम जिवाणू हेच काम मातीच्या साध्या तापमानाला करतात. त्यांचे नायट्रोजिनेज हे विकर नायट्रोजनच्या एका रेणूमागे एटीपीचे किमान 16 रेणू खर्च करते आणि ही ऊर्जा वनस्पती आपल्या साखरेतून पुरवते. म्हणजे हे खत फुकटचे नाही. त्याची किंमत सूर्यप्रकाशात मोजली जाते. त्यामुळे मातीत नत्र सहज उपलब्ध असेल, तर वनस्पती गाठींवरचा हा खर्च आवरता घेते. क्लोव्हरला युरिया घालणारा माणूस त्याचा मुख्य गुणच बंद पाडत असतो. शेजारच्या गवताला हे नत्र प्रामुख्याने मिळते, ते क्लोव्हरची पाने आणि मुळे कुजल्यावर, हेही ध्यानात ठेवायला हवे.

आता भिलाईकडे वळू. येथे वर्षाकाठी साधारण 1,100 ते 1,200 मिलिमीटर पाऊस पडतो, पण त्याचा बहुतांश भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. मे महिन्यात पारा 42 अंशांच्या वर जातो आणि काही दिवस 45 ला टेकतो. पांढरे क्लोव्हर ही समशीतोष्ण प्रदेशातील वनस्पती आहे. वीस ते पंचवीस अंशांच्या आसपास ती जोमाने वाढते, तिशीनंतर तिची वाढ मंदावते. यामागचे कारण प्रकाशसंश्लेषणात आहे. क्लोव्हर सी-3 गटातील वनस्पती आहे. तापमान वाढते तसे तिच्या पानांतील रुबिस्को हे विकर कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजन अधिक प्रमाणात पकडू लागते आणि मिळवलेल्या कार्बनचा काही भाग प्रकाशश्वसनात वाया जातो. आपल्याकडची हरळी, म्हणजे गणपतीला वाहिली जाणारी दूर्वा, सी-4 गटातील आहे. कार्बन डायऑक्साइड एकवटण्याची वेगळी यंत्रणा तिच्यात असल्याने उष्णतेत आणि पाण्याच्या काटकसरीत ती क्लोव्हरला सहज मागे टाकते. त्यात क्लोव्हरची मुळे उथळ. ‘क्लोव्हरला पाणी कमी लागते’ हे विधान थंड प्रदेशातील गवतांशी तुलना करून केलेले आहे. तुलनेची दुसरी बाजू बदलली की विधानाचा अर्थही बदलतो.

पाण्याचा हिशेब कोणताही विद्यार्थी मांडू शकेल. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. चाळीस चौरस मीटरचे छोटे अंगण मे महिन्यात हिरवेगार ठेवायचे, आणि माती व पाने यांतून दिवसाला केवळ पाच मिलिमीटर पाणी उडते असे धरले, तरी रोज 200 लिटर पाणी द्यावे लागेल. शहरी पाणीपुरवठ्याच्या नियोजनात माणशी रोज 135 लिटर हा निकष भारतात वापरला जातो. म्हणजे हे अंगण घरातील एका माणसाहून अधिक पाणी पिते. मार्च ते मे या 92 दिवसांत हा आकडा 18,400 लिटरवर जातो. ‘हिरवळीमुळे घर थंड राहते’ हा युक्तिवादही याच हिशेबात तपासता येतो. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे 2.45 मेगाज्यूल उष्णता शोषली जाते. 200 लिटरमागे ती 490 मेगाज्यूल, म्हणजे जवळजवळ 136 युनिट विजेइतकी होते. थंडावा खरा आहे. मात्र तो पाण्याच्या मोबदल्यात मिळतो आणि वाऱ्याबरोबर बराचसा निघून जातो. अंगणाच्या पश्चिमेला वाढलेला कडुनिंब खोलवरचे पाणी वापरून तेच काम करतो आणि भिंतीवर पडणारे ऊनही अडवतो.

मातीचाही प्रश्न आहे. छत्तीसगडचा शेतकरी आपल्या जमिनीची चार नावे सांगतो: मुरमाड भाठा, पिवळसर मटासी, मध्यम डोरसा आणि काळी कन्हार. भाठा जमिनीत पाणी टिकत नाही. कन्हार पावसाळ्यात चिबड होते आणि उन्हाळ्यात भेगाळते. शिवाय घराचे बांधकाम झालेल्या जागी यांपैकी कोणत्याही मातीचा शुद्ध थर क्वचितच उरतो. वर विटांचा चुरा आणि सिमेंट मिसळलेला भराव असतो. क्लोव्हरच्या गाठी बनवणारा रायझोबियमही विशिष्ट असतो. ज्या जमिनीत क्लोव्हर किंवा त्याचे जवळचे नातलग कधी वाढलेच नाहीत, तेथे तो सापडेल याची खात्री नसते. म्हणूनच बरसीम या चाऱ्याच्या पिकाची नव्या जमिनीत पेरणी करताना बियांना जिवाणू संवर्धक लावण्याची किंवा जुन्या बरसीमच्या शेतातील माती आणून मिसळण्याची शिफारस केली जाते. शोभेच्या पाकिटातील बी संवर्धकाविना पेरले, तर तीन पानांची शोभा मिळेल, नत्र मिळेलच असे नाही.

बरसीमचे उदाहरण येथे मार्गदर्शक आहे. तेही क्लोव्हरच, ट्रायफोलियम याच प्रजातीतील. विसाव्या शतकाच्या प्रारंभी ते इजिप्तमधून भारतात आले आणि येथे रुजले, कारण शेतकऱ्यांनी ते रब्बीचे पीक म्हणून स्वीकारले. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरणी, हिवाळाभर कापण्या आणि उन्हाळा तापू लागला की शेवट. बारा महिने हिरवे राहण्याची अपेक्षा त्याच्याकडून कोणीही केली नाही. भिलाई-3 मधील ज्यांना क्लोव्हरची हौसच आहे, त्यांनी त्याला असा हिवाळी पाहुणा मानावे. मार्चअखेर पाणी थांबवावे, वाळलेला पाला जागीच आच्छादन म्हणून पसरून ठेवावा. एप्रिलमध्ये ते करपले तर तो माळ्याचा दोष मानू नये.

याहून मोलाचा धडा दुर्गच्या भातशेतीत आहे. येथील शेतकरी भात उभे असतानाच, कापणीच्या दोन-तीन आठवडे आधी, ओलसर बांध्यांत तिवड्याचे बी फेकतात. या पद्धतीला उतेरा म्हणतात. पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यातही हेच पीक लाख किंवा लाखोळी या नावाने परिचित आहे. 1956 पर्यंत हे दोन्ही प्रदेश नागपूर राजधानी असलेल्या एकाच प्रांतात होते. भात हे गवत, तिवडा हे शेंगवर्गीय पीक. गवताच्या सावलीत द्विदल उगवते, मागे उरलेल्या ओलीवर वाढते आणि जमिनीला नत्र देऊन जाते. ‘गवत आणि शेंगवर्गीय वनस्पती एकत्र वाढू द्या’ हे क्लोव्हरच्या हिरवळीमागचे सूत्र भिलाईच्या परिसरात नवे नाही. फरक एवढाच की, येथे ते सूत्र ऋतूला बांधलेले आहे.

तेच सूत्र अंगणात उतरवण्यासाठी लागणाऱ्या वनस्पती कोणत्याही मैदानाच्या कडेला सापडतात. डेस्मोडियम ट्रायफ्लोरम, जिला मराठीत रानमेथी म्हणतात, ती जमिनीला चिकटून पसरते. तिची पाने क्लोव्हरसारखीच त्रिदली पण इवलीशी, फुले बारीक आणि जांभळट असतात. तिच्या मुळांवर गाठी येतात आणि त्या घडवणारे ब्रॅडिरायझोबियम गटातील जिवाणू उष्ण प्रदेशांच्या मातीत सामान्यतः असतात. उन्हाळ्यात पाणी तुटले की ती कोमेजते, पण तिचे मूळ आणि बी जमिनीत राहते. हरळीबरोबर ती सुखाने नांदते. पायवाटेजवळ किंवा सांडपाण्याच्या ओलीला जलपिप्पली, म्हणजे फायला नोडिफ्लोरा, लावता येईल. ती शेंगवर्गीय नाही, परंतु मधमाश्या आणि फुलपाखरांना प्रिय आहे. याच जलपिप्पलीपासून जपानमध्ये विकसित झालेला ‘कुरापिया’ नावाचा वाण आज अमेरिकेत हिरवळीचा पर्याय म्हणून विकला जातो. आपल्या गटारकाठी उगवणारी वनस्पती परदेशात पैसे मोजून घेतली जाते आणि परदेशातील कुरणांची वनस्पती आपण पाकिटातून मागवतो. पिकते तेथे विकत नाही, ते असे.

यावर असा आक्षेप येईल की, रानमेथी रोपवाटिकेत मिळत नाही. हे खरे आहे. पहिल्या दोन-तीन पावसांनंतर मातीसकट तिचे ठोंबे आणून एकेक वितीवर लावावे लागतात. दुसरा आक्षेप असा की, रोपवाटिकेत झटपट पसरणारी वेडेलिया मिळत असताना एवढा खटाटोप कशासाठी? पिवळ्या फुलांची ही अमेरिकी वनस्पती, स्फॅग्नेटिकोला ट्रायलोबाटा, जगातील सर्वांत घातक 100 आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे, हे तिचे उत्तर. झटपट पसरणाऱ्या परक्या वनस्पतीची किंमत मराठी वाचकाला सांगायला नको. 1955 च्या सुमारास पुण्यात नोंदले गेलेले गाजर गवत पुढे देशभर पसरले आणि आजही हटलेले नाही. पांढरे क्लोव्हर भिलाईत असे फोफावण्याची शक्यता नाही, कारण तेथील उन्हाळाच त्याला रोखेल. पण अनोळखी बी अंगणात टाकण्याआधी ते पसरल्यास कोणी आवरायचे, हा प्रश्न विचारण्याची सवय प्रत्येक बागप्रेमीला हवी.

विद्यार्थ्यांसाठी यात एक स्वस्त प्रयोग दडलेला आहे. शाळेच्या किंवा महाविद्यालयाच्या आवारात एकेक चौरस मीटरचे चार वाफे आखावेत: एकात केवळ हरळी, दुसऱ्यात हरळी आणि रानमेथी, तिसऱ्यात पांढरे क्लोव्हर, चौथ्यात वाळक्या पाल्याचे आच्छादन. प्रत्येक वाफ्याला मोजून सारखेच पाणी द्यावे. ऑक्टोबर ते जून दर आठवड्याला दुपारी दोन वाजता अवरक्त तापमापकाने पृष्ठभागाचे तापमान घ्यावे आणि ठरलेल्या जागेवरून छायाचित्र काढून हिरव्या भागाचे प्रमाण नोंदवावे. महिन्यातून एकदा एखादे रोप हळुवार उपटून मुळाची गाठ ब्लेडने कापावी. आतून ती गुलाबी दिसली, तर तेथे लेगहिमोग्लोबिन आहे आणि नत्राचे काम चालू आहे. ती पांढरी, हिरवट किंवा करडी असेल, तर तसे नाही. प्रत्येक प्रकारचे किमान तीन वाफे ठेवले, तर निष्कर्ष योगायोगाचा नाही हे सांगता येईल. या प्रयोगाला प्रयोगशाळा लागत नाही; नऊ महिन्यांची चिकाटी लागते.

अंगण बारा महिने हिरवे असावे ही अपेक्षा पावसाळी, थंड प्रदेशांतील बंगल्यांतून आपल्याकडे आली. क्लोव्हरचा पुरस्कार करणारे गवत बदलतात, पण ती अपेक्षा तशीच ठेवतात. भिलाई-3 च्या अंगणाने एप्रिल-मेमध्ये तपकिरी व्हायला हरकत नाही. मुळे जिवंत असतील, माती आच्छादलेली असेल आणि घरच्या हंड्यातले पाणी माणसांसाठी उरले असेल, तर जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात पाऊस येतो आणि त्या अंगणाला हिरवे करण्यासाठी कोणालाही पाइप उचलावा लागत नाही.