टॉवर पाहिजे, पण पलीकडं

परवा कंपनीचा मेसेज आला. 'आपल्या परिसरात नेटवर्क अधिक सक्षम करण्याचे काम सुरू आहे. तात्पुरत्या गैरसोयीबद्दल क्षमस्व.' मेसेज येण्याआधी आमच्या घरात फोन जिन्यात लागायचा, आता गच्चीवर लागतो. जिन्यात उभं राहून बोलण्याच्या माझ्या सवयीवर मागं लिहिलं होतं, तेव्हा 'जिन्यात खुर्ची टाका की' असं एका वाचकानं कळवलं होतं. टाकली होती. आता ती वर न्यावी लागली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण शेजाऱ्याची कंपनी दुसरी आहे आणि त्याला आलेला मेसेज शब्दशः हाच आहे.

देशाचं म्हणाल तर जोरात चाललंय. 31 जुलै 1995 ला ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीत सुखराम यांना पहिला मोबाईल कॉल लावला. तेव्हा आलेल्या फोनलाही पैसे पडायचे. ऑक्टोबर 2022 मध्ये फाइव्ह-जी आलं. 27 सप्टेंबर 2025 ला पंतप्रधानांनी ओडिशातल्या झारसुगुड्यातून बीएसएनएलचं स्वदेशी फोर-जी सुरू केलं. साडेसत्त्याण्णव हजारांवर टॉवर, आणि यंत्रणा तेजस नेटवर्क्स, सी-डॉट, टीसीएस अशा आपल्याच लोकांची. बाकीचे पाचव्या पिढीत गेल्यावर हे चौथ्या पिढीत आले म्हणून कुणी हसू नये. उशिरा का होईना, घरचं आहे.

आता कबनूरला या. शेजारची इचलकरंजी 2022 मध्ये महानगरपालिका झाली, आम्ही अजून ग्रामपंचायत. हद्द कुठं संपते ते यंत्रमागांच्या आवाजावरून सांगता येत नाही, तो दोन्हीकडं सारखाच. घर आणि कारखाना एका भिंतीला, आणि कारखान्यावर पत्रा. पत्र्यातून ऊन येतं, पाऊस येतो, रेंज तेवढी येत नाही. दिवाणजींना मागांची दुरुस्ती बघणारा जॉबर पाहिजे असला की ते फोन लावतात. लागला तरी मागांच्या खडखडाटात रिंग ऐकू येत नाही, म्हणून जॉबर फोन छातीच्या खिशात ठेवतो, थरथरला की कळावं म्हणून. पण चोवीस माग चालू असताना माणूसच सगळा थरथरत असतो. शेवटी दिवाणजी दारात येऊन हाक मारतात. ही यंत्रणा फार जुनी आहे आणि तिला रिचार्ज लागत नाही.

गंमत म्हणजे तोच जॉबर बाहेर टपरीवर चहा प्यायला आला की त्याच्या फोनवर कुस्तीचा व्हिडिओ न अडखळता चालतो. दिवाणजींना वाटतं, पोरगं मुद्दाम फोन उचलत नाही. पोरगं म्हणतं, आत फोन लागतच नाही. दोघांचं याच्यावरून रोज वाजतं.

टॉवरच्या कामावर आलेला एक इंजिनिअर पोरगा मला याच टपरीवर भेटला. त्यानं सांगितलं, पत्रा रेडिओ लहरी परत फेकतो, तिथं कुठल्याच कंपनीचं काही चालत नाही. त्यात फाइव्ह-जीच्या वेगाचा मोठा भार 3300 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर. तो पळायला दांडगा, पण भिंत आडवी आली की बसकण मारतो. 700 मेगाहर्ट्झचा पट्टा लांब जातो, भिंतीतूनही शिरतो, पण त्यात तेवढा डेटा मावत नाही. वेग पाहिजे तर टॉवर जवळजवळ पाहिजेत. एवढं सगळं नीट समजावून, चहाचे पैसे स्वतः देऊन तो म्हणाला, "काका, तुमची गच्ची देता काय?"

चहा फुकट नव्हता तर.

घरी विषय काढला. मंडळी म्हणाली, "देवा की. मी माहेराला जातो, तुम्ही बसा टॉवरखाली." तासाभरात गल्लीला कळलं. टॉवरनं चिमण्या गेल्या, टॉवरनं डोकं दुखतं, टॉवरनं वरच्या आळीतल्या म्हशीचं दूध कमी झालं. मी म्हणालो, आपल्याकडं 2012 मध्ये टॉवरच्या किरणोत्सर्गाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. दिवाणजींनी लगेच विचारलं, "मग ऱ्हायलेले नऊ भाग कुठं जात्यात?" त्यांनी जन्मभर सुताचा हिशेब ठेवलाय, वजावट दिसली की माल कुठं गेला ते विचारणारच. टॉवर लांब असला की फोन जास्त जोर लावतो आणि तो फोन आपण कानाला लावून बसतो, हेही मी सांगून बघितलं. त्यावर सगळ्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावले. गल्लीचं एकमतानं ठरलं, टॉवर पाहिजे, पण पलीकडच्या गल्लीत. पलीकडच्या गल्लीचंही तसंच ठरल्याचं कळतं.

मग कंपनी बदला की, असं आमचा पुण्याचा भाचा म्हणतो. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर 20 जानेवारी 2011 पासून आहे. 1900 ला मेसेज केला की काम सुरू. पण रेंजसाठी पोर्ट करणारा माणूस मी आमच्या गल्लीत बघितला नाही. इथं शिव्या देत त्याच कंपनीत राहायची पद्धत आहे. पोर्ट झालं ते हत्तिणीसाठी.

नांदणीच्या जैन मठातली महादेवी, म्हणजे सगळ्यांची माधुरी, तीस वर्षांहून जास्त काळ या भागात वावरलेली. मुंबई उच्च न्यायालयानं जुलै 2025 मध्ये तिला जामनगरच्या वनतारा या प्राणी केंद्रात पाठवायचा आदेश दिला, 28 जुलैला सर्वोच्च न्यायालयानं तो कायम ठेवला आणि त्याच रात्री ती गेली. निकालात बरोबर काय, चूक काय ते इथं लिहीत नाही. त्यावर बोलायला प्रत्येक कट्ट्यावर वकील बसलेत. पुढं दोन लाखांवर सह्या झाल्या, 3 ऑगस्टला नांदणीहून कोल्हापूरच्या जिल्हाधिकारी कचेरीपर्यंत माणसं मूक मोर्चानं चालत गेली. आणि वनतारा ज्यांचं, जिओही त्यांचंच, एवढा धागा सापडल्यावर लोकांनी मोबाईलच्या दुकानांपुढं रांगा लावल्या. सिमकार्ड बदलून निषेध करायचं जिल्ह्याला सुचलं, आणि शिकवायला पुण्याचा भाचा लागला नाही. कुणाची रेंज कशी, कुणाचा प्लॅन केवढ्याचा, कुणी विचारत नव्हतं. ज्यांना 'अपडेट' दाबायची भीती वाटते अशी माणसं 1900 ला मेसेज करत होती. आठवडाभरात वनतारानं नांदणीजवळ हत्तीसाठी केंद्र उभारायची तयारी दाखवली. ग्राहकाच्या तक्रारीला एवढ्या तातडीनं उत्तर आलेलं मी तरी पाहिलं नाही.

त्या दिवसांत चौकात रंगीत छत्री लावून एक पोरगं दुसऱ्याच एका कंपनीची सिमकार्डं विकत होतं. आमच्या गल्लीतल्या आज्जी आल्या. आयुष्य कांड्या भरण्यात गेलेलं. त्यांचा पहिला प्रश्न, "ही हत्तीणवाली न्हाई न्हवं?"

"न्हाई आज्जी, आमचा हत्तीचा काय संबंध न्हाई."

मी मधे तोंड घातलं. म्हटलं, आज्जी, ह्या कंपनीची रेंज आपल्या गल्लीत येत नाही.

"आन् पयल्या कंपनीची कवा येत हुती?"

पोरानं आधार नंबर घालून यंत्र पुढं केलं. अंगठा उठेना. सुतानं बोटांच्या रेषा गुळगुळीत झालेल्या. आज्जींनी अंगठा पदराला पुसला, पुन्हा ठेवला, मग तर्जनी ठेवली, मग डाव्या हाताची बोटं. एकदाचं मधलं बोट पटलं, तर पडद्यावर चक्र गरगर फिरत राहिलं. पोरानं फोन आणि यंत्र डोक्यावर धरलं, छत्रीतून बाहेर आलं आणि रेंज शोधत रस्त्याच्या मध्यापर्यंत गेलं. मागनं एसटीनं हॉर्न दिला.

आज्जी स्टुलावर टेकल्या. "हू दे सावकाश," त्या म्हणाल्या. "हत्तीण तरी कुटं आजच यायलीया."