नळजोडणीच्या अटींत एनआरव्ही हवा, तोही नीट निवडलेला

पनवेलजवळच्या सुकापुरात पाण्याची तक्रार निघाली की ती किती आले आणि किती वेळ आले एवढ्यावर संपते. टाकीत एकदा आलेले पाणी परत कुठे गेले, हे कुणी विचारत नाही. खरे तर ज्या वस्तीत पाणी ठरावीक वेळीच सुटते, तिथे हा प्रश्न आधी विचारायला हवा. इमारतीतले पाणी सार्वजनिक वाहिनीत मागे जाऊ नये, याची व्यवस्था ही नळजोडणी मिळण्याची अट असली पाहिजे. आज ती सोसायटीच्या मर्जीवर आणि प्लंबरच्या सवयीवर सोडलेली आहे. आणि अट घालायची तर ‘एक एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) बसवा’ एवढ्या तीन शब्दांची घालून उपयोग नाही. कुठे, कोणता आणि कशासाठी, हेही त्यात यायला हवे.

पनवेल परिसराला महाराष्ट्र जीवन प्राधिकरण जे पाणी देते, ते पाताळगंगेतून उचलून भोकरपाड्याच्या केंद्रात शुद्ध केले जाते. पाताळगंगेला उन्हाळ्यात जे पाणी असते, त्याचा मोठा भाग खोपोलीच्या टाटा जलविद्युत केंद्रातून सुटलेला असतो. म्हणजे उगमापासून नळापर्यंत हा सगळा प्रवास कुणीतरी सोडण्या-थांबवण्यावर चालतो. मधे जलवाहिनी फुटली किंवा दुरुस्ती निघाली की शटडाऊन आलाच. त्यात सुकापूर, देवद, विचुंबे, आकुर्ली या पट्ट्यात इमारती आधी उभ्या राहिल्या आणि पाणी मागून आले. हा भाग जानेवारी २०१३मध्ये ‘नैना’ (नवी मुंबई विमानतळ प्रभाव क्षेत्र) म्हणून अधिसूचित झालेल्या क्षेत्राच्या परिसरातला. बांधकामाचे नियम बदलत गेले, पाणी मात्र तुटपुंजेच राहिले. साहजिकच नळ, बोअर आणि टँकर अशा तिन्ही वाटांनी आलेले पाणी एकाच जमिनीखालच्या टाकीत पडते, असे चित्र अशा वस्त्यांत सर्रास दिसते.

आता ही टाकी जवळून पाहू. झाकण उचलले की नळाच्या पाण्याचा पाइप आत उतरलेला दिसतो. त्याचे तोंड कुठे आहे, यावर सगळे अवलंबून आहे. ते टाकीच्या भरलेल्या पातळीच्या वर असेल, तर मधे हवा आहे आणि पाणी मागे ओढले जाण्याचा मार्गच नाही. पण पडणाऱ्या पाण्याचा आवाज नको म्हणून किंवा बॉलकॉक खाली बसवला म्हणून ते तोंड पुष्कळदा पाण्यात बुडालेले असते. बाहेर व्हॉल्व्हमनने पुरवठा बंद केला की रस्त्याखालची वाहिनी उताराकडे रिकामी होऊ लागते, तिच्यात पोकळी तयार होते आणि ती पोकळी टाकीतले पाणी मागे खेचते. ही ओढ सिद्धांताने दहा मीटर पाण्याच्या उंचीइतकी असू शकते. बोअरचे न तपासलेले, टँकरचे कुठून भरले हे ठाऊक नसलेले पाणी अशा रीतीने शेजारच्या इमारतीच्या वाट्याला जाते. याहून वाईट जोड म्हणजे बोअरची लाइन आणि नळाची लाइन एका ‘टी’ने जोडून दोन कॉक ठेवणे. पंपाचा दाब वाहिनीच्या दाबापेक्षा जास्त असतो. कॉक बंद करायचा राहिला की पाणी ओढले जात नाही, सरळ ढकलले जाते.

जगात याचे दाखले आहेत. फिनलंडमधल्या नोकिया गावात नोव्हेंबर २००७मध्ये सांडपाणी केंद्रातल्या पाण्याची आणि पिण्याच्या पाण्याची वाहिनी यांच्यातला एक व्हॉल्व्ह दुरुस्तीच्या वेळी उघडा राहिला. लाखो लिटर प्रक्रिया केलेले सांडपाणी नळात गेले आणि हजारो लोक आजारी पडले. तिथे चोवीस तास पाणी होते, यंत्रणा होती, प्रशिक्षित माणसे होती. नव्हती ती एवढीच खबरदारी, की त्या दोन वाहिन्या एकमेकींना जोडलेल्याच नसाव्यात. अशाच धोक्यासाठी युरोपातला नियम पाण्याला धोक्यानुसार पाच वर्गांत विभागतो आणि सर्वांत घातक वर्गासाठी झडपेवर विश्वास न ठेवता हवेचे अंतरच मागतो. हे अंतर साधारणपणे पाइपाच्या व्यासाच्या दुप्पट धरतात. सुकापूरच्या टाक्यांना लागू करायचा पहिला नियम हाच. झडप त्याच्यानंतर.

जिथे झडप लागतेच, तिथे बाजारात दुकानदार विचारतो, ‘किती इंची?’ आणि निवड तिथेच संपते. खरी निवड तिथून सुरू व्हायला हवी. झुलत्या पल्ल्याच्या एनआरव्हीतून पाणी सहज जाते, पण तो बंद होतो तो उलट येणाऱ्या पाण्याच्या जोरावर. जोर अगदी कमी असेल आणि शटडाऊननंतर येणारा गढूळ गाळ पल्ल्याखाली अडकला, तर तो बंद झालाय असे नुसते वाटते. स्प्रिंगचा एनआरव्ही प्रवाह थांबताच बसतो, उलट जोराची वाट पाहत नाही. मात्र उघडण्यासाठी साधारण वीस ते पन्नास सेंटिमीटर पाण्याइतका दाब घेतो. पंपाच्या वरच्या पाइपावर तर स्प्रिंगचाच हवा. सात मजल्यांवरून पाण्याचा स्तंभ मागे फिरतो आणि झुलता पल्ला उशिरा आपटतो, तेव्हा सेकंदाला एक मीटर वेगाचे पाणी एकाएकी थांबल्याने लोखंडी पाइपात जवळजवळ दहा बार दाब उसळू शकतो. रात्री पंप बंद होताना तळमजल्याला जी ‘धाड’ ऐकू येते, ती हीच. आणखी एक चूक मोठ्या मापाची. पाइप दोन इंची म्हणून एनआरव्हीही दोन इंची घेतात. प्रवाह कमी असला की पल्ला अर्धवट उघडून थरथरत राहतो, त्याची पिन झिजते आणि दोन पावसाळ्यांत तो गळू लागतो. माप प्रवाहावर ठरते, पाइपाच्या आट्यांवर नाही. झडपेआधी गाळणी हवी आणि वळणाला चिकटून झडप बसवू नये, हे जाणत्या प्लंबरला ठाऊक असतेच. भारतीय मानकांत आयएस ५३१२ आणि आयएस ७७८ या एनआरव्हीसाठीच्या संहिता वर्षानुवर्षे आहेत. निविदांमध्ये त्या दिसतात, सोसायटीच्या कोटेशनमध्ये क्वचितच.

यावर पहिला आक्षेप क्लोरीनचा. पाणी शुद्ध करून येते, त्यात क्लोरीन असतो, मग थोडे मागे गेले तर काय बिघडते? नळापर्यंत पोचलेल्या पाण्यात भारतीय मानकाने मागितलेला मुक्त क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम. मैला मिसळलेले पाणी आले की तो बघता बघता संपतो. दिल्लीत १९५५-५६च्या हिवाळ्यात यमुनेचा प्रवाह बदलला, नजफगड नाल्याचे सांडपाणी वझिराबादच्या पाणी उचलण्याच्या जागेकडे मागे आले आणि शहरात सुमारे २९,३०० जणांना कावीळ झाली. ते पाणी शुद्धीकरण आणि क्लोरीनमधून गेलेले होते. आपल्याकडे इचलकरंजीत २०१२मध्ये दूषित पाण्यातून काविळीची साथ पसरली आणि लोक दगावले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: चोवीस तास पाणी द्या, वाहिनी सतत भरलेली राहील, मग झडपांचा खटाटोप कशाला? हे तत्त्वतः बरोबर आहे. कराडजवळच्या मलकापुरात प्राधिकरणाच्याच योजनेतून २००९च्या सुमारास चोवीस तास पाणी आले, म्हणजे ते महाराष्ट्रात अशक्य नाही. पण सुकापूरला ती पायरी गाठायला पाणी, पैसा आणि गळती रोखणारी नवी वाहिनी, असे तिन्ही लागेल. तोवर रोज रिकामी होणाऱ्या वाहिनीचे करायचे काय? आणि चोवीस तासांच्या वाहिनीतही दुरुस्तीच्या दिवशी पोकळी येतेच.

दाब आधीच कमी, त्यात झडप कशाला, ही तक्रार शेवटच्या टोकाच्या घरांच्या बाबतीत खरी आहे. तिथे स्प्रिंगऐवजी रबरी बैठकीचा झुलता पल्ला आणि टाकीत हवेचे अंतर, अशी जोडी पुरेल. खर्चाचा मुद्दा मात्र गळ्याखाली उतरत नाही. एका टँकरला सोसायटी जे मोजते, त्यापुढे अर्ध्या इंचाचा पितळी एनआरव्ही काहीच नाही. खर्च आहे तो दरवर्षी तो उघडून पाहण्याचा, आणि तिथे सोसायट्या हात आखडतात.

एक गोष्ट मात्र एनआरव्हीकडून होणार नाही. नळाच्या लाइनला थेट मोटर लावून पाणी ओढणाऱ्याला तो अडवत नाही, कारण त्याचे पाणी झडपेच्या सरळ दिशेनेच वाहते. त्या ओढीने गटाराला लागून गेलेल्या गंजक्या जीआय पाइपाच्या सांध्यातून घाण आत येते आणि ती सगळ्यांनाच मिळते. मोटर जप्त करण्याची कारवाई वेगळीच करावी लागेल; एनआरव्ही हा तिला पर्याय म्हणून पुढे करणे म्हणजे स्वतःची फसवणूक.

अट घालणार कोण? जोडणी देणारी यंत्रणा, मग ती ग्रामपंचायत असो वा प्राधिकरण. जोडणीच्या अर्जासोबत टाकीतल्या पाइपाच्या तोंडाची उंची दाखवणारा साधा नकाशा, झडपेचा प्रकार आणि मुख्य कॉक व झडप यांच्यामध्ये एक छोटा तपासणी नळ, एवढे मागता येईल. वरच्या टाकीचा दाब झडपेवर येत असेल तिथे पावसाळ्याआधी मुख्य कॉक बंद करून हा नळ उघडायचा. पाइपातले शिल्लक पाणी निघून गेल्यावरही धार चालू राहिली, तर झडप गळते आहे. जुन्या इमारतींत सुरुवात बोअर आणि नळ एकाच पाइपात जोडलेल्या ठिकाणांपासून करावी. तिथे झडप विकत घेण्याआधी तो जोड कापायचा आहे.