जुन्या रेडिओचे पोट फाडू नका

घरात एखादी जुनी वस्तू माळ्यावरून खाली आली की तिच्यापुढे सहसा दोनच वाटा असतात. एक भंगारवाल्याच्या गाडीकडे जाते आणि दुसरी दिवाणखान्यातल्या शोभेच्या कपाटाकडे. अलीकडे मात्र तिसरी वाट निघाली आहे. जुन्या वस्तूला नव्या यंत्राची जोड द्यायची आणि तिला पुन्हा कामाला लावायचे. ही वाट मला मनापासून पसंत आहे. परंतु त्या वाटेने चालण्याच्याही दोन रीती आहेत, आणि आपल्या भागात जी रूढ होऊ पाहत आहे ती मला मुळीच मान्य नाही. ती का मान्य नाही, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आधी परदेशातले एक उदाहरण घेऊ. इंग्रजी चित्रपटांत विद्यार्थी मित्रांनी ज्यूकबॉक्स पाहिला असेल. नाणे टाकावे, बटण दाबावे आणि कपाटाएवढ्या पेटीतून आपल्या आवडीची तबकडी वाजावी, अशी ती सोय. मुंबईच्या काही इराणी हॉटेलांतही १९६० च्या पुढेमागे हे यंत्र वाजत असे. अमेरिकेत त्याला एक धाकटे भावंड होते. हॉटेलातल्या प्रत्येक टेबलाशेजारी भिंतीवर एक छोटी पेटी असे; तिला तिकडे वॉलबॉक्स म्हणत. गिऱ्हाइकाने जागेवरून न उठता तिच्यात नाणे टाकायचे, एक अक्षर आणि एक आकडा दाबायचा, की कोपऱ्यातल्या मोठ्या पेटीत ते गाणे लागे. शिकागोच्या सीबर्ग कंपनीने १९५० च्या आसपास काढलेल्या अशा पेटीवर दहा अक्षरे आणि दहा आकडे होते. म्हणजे बसल्या जागी शंभर गाण्यांतून निवड!

गंमत अशी की, त्या भिंतीवरच्या पेटीत गाणे नसेच. तिच्यात असे एक छोटी मोटर. मोटर फिरली की एक भुजा ओळीने मांडलेल्या संपर्कबिंदूंवरून सरकत जाई आणि तारेतून विजेचे ठोके जात. आधी ठोक्यांचा एक गट, मग क्षणभर विराम, मग दुसरा गट. मोठी पेटी ते ठोके मोजी आणि नेमकी तबकडी उचली. आज ज्यूकबॉक्स गेले, पेट्या मात्र जुन्या बाजारात उरल्या आहेत. तिकडचे हौशी लोक अशी पेटी आणतात, तिला तिच्या सवयीचा सुमारे २५ व्होल्टचा पुरवठा देतात, आणि तिच्या तारा २००५ साली आलेल्या आर्डुइनोला किंवा २०१२ साली आलेल्या रास्पबेरी पायला, मधे योग्य तो अडसर ठेवून, जोडतात. तळहाताएवढा तो संगणक ठोके मोजतो आणि त्या क्रमांकाचे गाणे स्वतःच्या साठ्यातून वाजवतो. पेटीतला एक स्क्रूसुद्धा बदलावा लागत नाही. आपण अजून ज्यूकबॉक्सशीच बोलत आहोत असे पेटीला वाटत राहते म्हणा ना!

मला महत्त्वाची वाटते ती ही रीत. नव्याने जुन्याची भाषा शिकायची. जुन्याची जीभ कापून तिथे नवी बसवायची नाही.

आता आपल्या गावाकडे येऊ. बेळगाव-निपाणीच्या पट्ट्यात ज्यूकबॉक्सचे राज्य कधी नव्हते. ते काम इथे रेडिओने केले. फिलिप्स, मर्फी, बुश अशा नावांचे, लाकडी पेटीचे, व्हॉल्व्हचे रेडिओ. त्यांचा परवाना पोस्टातून काढावा लागे आणि दरवर्षी पैसे भरून त्यावर शिक्का घ्यावा लागे. बटण दाबल्यावर व्हॉल्व्ह तापेपर्यंत वाट पाहावी लागे. मग हळूहळू आवाज येई. हॉटेलातल्या फळीवरचा रेडिओ एकाचा असला तरी ऐकणारे पन्नास असत. १९५२ साली सिलोनवर सुरू झालेली बिनाका गीतमाला बुधवारी रात्री आठ वाजता लागली की चहाचे कप थंड होत. आपल्याकडे नाणे टाकायची पद्धत नव्हती. एका चहावर तासभर बसणे हेच काय ते नाणे.

असे रेडिओ या भागातल्या जुन्या घरांत अजून निघतात. आणि निघाले की त्यांचे काय होते? माझ्या ओळखीच्या एका घरातला संच मी गेल्या वर्षी पाहिला. दुरुस्तीवाल्याने आतले व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर, कंडेन्सर, सारे काढून किलोवर विकले होते. रिकाम्या पेटीत ब्लूटूथची एक हिरवी पट्टी, दोन स्वस्त स्पीकर आणि काचेमागे रंग बदलणारे दिवे बसवले होते. काटा होता, पण तो कुठेच जात नव्हता. खुंट्या होत्या, पण फिरवल्या तरी काही होत नव्हते. घरचे मात्र खूश. माझा एक विद्यार्थीही मला म्हणाला, “सर, वाजतंय ते बघायचं की! आतलं काय कोण बघतंय?”

प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर नीट द्यायला हवे.

पहिले उत्तर पदार्थविज्ञानाचे. ज्या कामासाठी पोट फाडले, ते काम पोट न फाडता होण्यासारखे होते. व्हॉल्व्हच्या पुष्कळ रेडिओंना पाठीमागे दोन भोके असतात. ती ग्रामोफोनच्या पिकअपसाठी ठेवलेली. त्या काळी ग्रामोफोनचा बारीक आवाज रेडिओच्या जोरावर मोठा करून ऐकायची पद्धत होती. त्याच भोकांत आज मोबाईलचा किंवा रास्पबेरी पायचा आवाज देता येतो. डाव्या-उजव्या दोन वाहिन्या दोन रोधांमधून एकत्र केल्या की काम झाले. मग गाणे आजच्या साठ्यातले, पण वाढवणारे व्हॉल्व्ह तेच, कर्णा तोच आणि आवाजातला तो गोलपणाही तोच. रेडिओ बनवणाऱ्यांनी पाहुण्यांसाठी दार ठेवले होते. आपण मात्र भिंत फोडून आत शिरतो.

सावधगिरी अर्थात हवी, आणि ती मी विद्यार्थ्यांना बजावून सांगतो. काही जुने संच एसी आणि डीसी दोन्हींवर चालत. त्यांत मुख्य ट्रान्सफॉर्मर नसे आणि धातूचा सांगाडा विजेच्या एका तारेला थेट जोडलेला असे. अशा संचाला मधे विलगीकरण ट्रान्सफॉर्मर घातल्याशिवाय काही जोडणे म्हणजे जिवाशी खेळ. शिवाय व्हॉल्व्हच्या संचात दोनशे व्होल्टच्या वर दाब असतो, आणि बटण बंद केल्यावरही कंडेन्सर तो काही काळ धरून ठेवतात. कागदी कंडेन्सर तर इतक्या वर्षांत गळके झालेलेच असतात. ते बदलल्याशिवाय संच चालू करूच नये. जाणकाराला शेजारी बसवल्याशिवाय मागचा पुठ्ठा उघडू नये.

दुसरे उत्तर मला अधिक महत्त्वाचे वाटते, आणि ते त्या मुक्या काट्यासंबंधी आहे.

आकाशवाणीचे धारवाड केंद्र १९५० साली सुरू झाले आणि सांगली केंद्र १९६३ साली. या दोन्ही केंद्रांच्या टप्प्यात आपला भाग येई. पुढे कैक वर्षे धारवाड ७६५ किलोहर्ट्झवर आणि सांगली १२५१ किलोहर्ट्झवर लागे. काचेवर मोजले तर हे अंतर चार बोटांचे. आमच्या घरच्या रेडिओच्या काचेवर वडिलांनी कागदाच्या दोन बारीक पट्ट्या चिकटवल्या होत्या, एक धारवाडची आणि एक सांगलीची. सकाळी काटा एका पट्टीवर असे, संध्याकाळी दुसऱ्या. आईला कानडी वाचता येत नव्हते, पण दासांची पदे तिला चालीसकट येत. शेजारच्या कानडी काकू सांगलीवरची भक्तिगीते गुणगुणत धुणे धूत. कुणी हे मुद्दाम शिकवले नव्हते. काटा या पट्टीवरून त्या पट्टीवर नेताना मधली खरखर ऐकावी लागे, आणि जाता जाता भलतेच काही कानावर पडे. कान तयार होतात ते अशा न मागितलेल्या गाण्यांवर.

हा केवळ माझ्या घरचा भावुकपणा नव्हे. या मुलखाचे संगीतच अशा ये-जा करण्यातून उभे राहिले आहे. धारवाडजवळच्या मन्सूर गावचे मल्लिकार्जुन मन्सूर मिरजेच्या नीलकंठबुवांकडे शिकले; पुढे ते धारवाड आकाशवाणीचे संगीत सल्लागार झाले. १९२४ साली बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीत जन्मलेले शिवपुत्र कोमकली कुमार गंधर्व झाले आणि मराठी रसिकांनी त्यांना आपलेच मानले. गदगचे भीमसेन जोशी पुण्यात राहिले आणि अभंगवाणी व दासवाणी दोन्ही गायले. यांपैकी कोण मराठीचा आणि कोण कानडीचा, अशी वाटणी करायला बसलो तर हाती तुकडेच लागतील.

आता नव्या वाद्यांकडे पाहा. २०१७ साली सारेगामाने ‘कारवाँ’ नावाचा, जुन्या रेडिओच्या चेहऱ्याचा आणि आत पाच हजार गाण्यांचा संच काढला. तो घरोघर गेला आणि अनेक म्हाताऱ्या माणसांना त्याने आनंद दिला, हे मान्यच आहे. पण पुढे भाषेगणिक वेगळे कारवाँ निघाले. मोबाईलचेही तेच. तुम्ही जे एकदा ऐकले त्याच जातीचे तो तुम्हाला पुन्हा पुन्हा ऐकवतो. मराठी ऐकणाऱ्याला मराठी, कानडी ऐकणाऱ्याला कानडी. मधली खरखर गेली, आणि खरखरीबरोबर शेजारीही गेला. पोट फाडलेल्या रेडिओत ब्लूटूथ बसवले की नेमके हेच होते. दोन पट्ट्यांचा रेडिओ एका कानाचा होतो.

कुणी म्हणेल, आता व्हॉल्व्ह मिळत नाहीत आणि मिळाले तर महाग पडतात. खरे आहे. ज्या संचाचा ट्रान्सफॉर्मरच जळाला आहे, ज्याचे व्हॉल्व्ह फुटले आहेत, तो हट्टाने जिवंत करायला जाऊ नये. तिथे नवा वर्धक खुशाल बसवावा. पण दोन नियम पाळावेत. पेटीला आणि सांगाड्याला नवे भोक पाडू नये; आणि काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून, त्यावर चिठ्ठी लावून, त्याच पेटीच्या तळाशी ठेवावा. उद्या एखाद्याला तो संच पूर्ववत करावासा वाटला तर त्याची वाट आपण बंद केलेली नसावी. जे काही बदल करू ते परत फिरवता येतील असेच करावेत, एवढाच माझा आग्रह आहे.

आता नुसता उपदेश करून थांबत नाही. एक सूचना करतो. या वार्षिकाला मराठी आणि कानडी असे दोन विभाग आहेत. महाविद्यालयाने एक जुना रेडिओ मिळवावा आणि तो तीन विभागांनी मिळून पुन्हा बोलता करावा. पदार्थविज्ञानाच्या मुलांनी काट्याची जागा ओळखायची युक्ती शोधावी. इथे वॉलबॉक्सचा धडा उपयोगी पडेल. रेडिओ स्वतःच आपला काटा कुठे आहे ते सांगत असतो! आतला स्थानिक आंदोलक, बहुतेक संचांत, लावलेल्या केंद्राहून सुमारे ४५५ किलोहर्ट्झ अधिक वारंवारतेवर चालतो. काटा धारवाडवर असेल तर सुमारे १२२०, सांगलीवर असेल तर सुमारे १७०६. रोधक आवरणाच्या तारेचे दोन वेढे जवळ नेऊन हे आकडे मोजता आले तर संगणकाला काट्याची जागा कळेल, आणि संचातली एकही तार तोडावी लागणार नाही. काही संचांत ग्रामोफोनची खटकी दाबली की हा आंदोलक बंद पडतो. तिथे निराळी युक्ती लागेल. प्रकल्पाला एवढी अडचण असलीच पाहिजे.

मराठी आणि कानडी विभागांनी गाणी जमवावीत. काटा एका पट्टीवर आला की सांगलीच्या बाजूची गाणी, दुसरीवर आला की धारवाडची. यात कायद्याचे भान ठेवावे. १९५७ च्या कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे चालतो, आणि कवी व संगीतकार यांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षे. पण ज्यासाठी कुणाचीच परवानगी काढायला नको, असा साठा आपल्या घरात आहे. आजीला विचारून तिच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित कराव्यात. कानडी विद्यार्थ्यांनी बीसुव कल्लिन पद मिळवावे. जाते तेच, पीठ तेच. गाणे तेवढे दोन भाषांतले. ते गाणाऱ्या बायका आता थोड्या उरल्या आहेत, आणि या कामाला पुढच्या वर्षीपर्यंत थांबायला सवड नाही.

वाचनालयाच्या व्हरांड्यात तो रेडिओ ठेवावा आणि काटा कुणीही फिरवावा. मराठी ऐकायला आलेल्या मुलाचा हात जरा पुढे सरकला तर त्याला चार ओळी कानडी ऐकू येतील. कानडी मुलीचेही तसेच होईल. खटपट करण्याजोगे काम आहे. ज्यांच्या घरी माळ्यावर जुना संच पडून आहे, त्यांनी तो विकण्यापूर्वी एकदा आमच्या प्रयोगशाळेत आणून दाखवावा.